अध्यक्षपदाची पोच

"हे पद मला मिळावं असं मला कधीच वाटलं नव्हतं," असं मी भाषणात म्हणणार होतो. वाक्य चांगलं आहे. खोटं आहे, पण चांगलं आहे. अध्यक्ष होणाऱ्या प्रत्येक माणसाला ते म्हणावंच लागतं, आणि मी ते दाढी करताना आरशासमोर इतक्या वेळा म्हणून पाहिलं होतं की एकदा भावनेच्या भरात गाल कापून घेतला. हेमांगी, म्हणजे आमची मंडळी, बाहेरून म्हणाली, "अहो, आधी अध्यक्ष तरी व्हा, मग रक्त सांडा."

आमची संघटना म्हणजे मीरा-भाईंदर विधी सहायक संघटना. विधी सहायक म्हणजे कोण, हे सगळेच विचारतात, तेव्हा सांगूनच टाकतो. वकील कोर्टात उभा राहून बोलतो. तो ज्या कागदांच्या जोरावर बोलतो ते लिहिणारा, शिवणारा, त्यांना तिकिटं लावणारा, खिडकीवर रांगेत उभा राहून ते दाखल करणारा, आणि ऐन वेळी "साहेब, पान उलटं धरलंय" असं वकिलाच्या कानात सांगणारा तो विधी सहायक. पूर्वी आम्हाला कारकून म्हणत. मग क्लार्क म्हणू लागले. हल्लीची मुलं पॅरालीगल म्हणतात. प्रत्येक नव्या नावाबरोबर मान थोडा वाढतो, पगार मात्र आहे तिथेच बसून असतो.

मान वाढतो म्हणालो, पण तो आमच्या सासऱ्यांपर्यंत अजून पोचला नव्हता. सासरे, म्हणजे परशुराममामा, भाईंदरजवळच्या मोर्वा गावचे. एके काळी मिठागरं, भातशेती, आता चाळी आणि दुकानांचं भाडं. मुलगी दिली तेव्हा जावई कोर्टात आहे एवढंच त्यांनी ऐकलं आणि तो वकील असणार असं धरून चालले. तो वकील नाही हे कळल्यावर, तो पुढेमागे होईल असं धरून चालले. मुलं कॉलेजात गेली तरी दर गणपतीला ते मला विचारतात, "जावयबापू, वकील कवा होनार?" आणि लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना म्हणतात, "ह्ये आमचं जावय. कोर्टान असतान." बस. एवढंच. न्यायाधीश म्हणून असतात की आरोपी म्हणून, हे ऐकणाऱ्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवावं. माझ्या मनाला हे किती लागतं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. हेमांगीला सांगितलं होतं, ती हसली.

तेव्हा संघटनेच्या वार्षिक सभेत माझं नाव अध्यक्षपदासाठी पुढे आलं आणि मी "नको, नको" म्हणालो, ते मी अगदी बेताच्या आवाजात म्हणालो. ही वेळ आली तीही गमतीनेच. आमचे अध्यक्ष कोंडिरामकाका सोनवणे. संघटना त्यांनीच काढली, घटना त्यांनीच लिहिली आणि तेव्हापासून खुर्चीवर तेच. दर वर्षी सभेच्या शेवटी ते म्हणायचे, "आता गुडघे ऐकत न्हाईत, नव्या माणसानं पुढं यावं." मग सगळे "छे छे, काका, तुम्हीच" म्हणायचे आणि चहा यायचा. यंदा सेक्रेटरी कृतिका होती. पोरगी नवी, हुशार, लॅपटॉपवर इतिवृत्त लिहिणारी. काकांचं वाक्य संपायच्या आत तिने ते टाइप केलं, "राजीनामा एकमताने मंजूर" असंही टाइप केलं आणि विचारलं, "पुढचं नाव?" काका बघतच राहिले. आम्हीही. चहा आला तोवर मी अध्यक्ष झालो होतो.

पदभाराचा समारंभ दोन आठवड्यांनी, रविवारी ठरला आणि हेमांगीने लगेच माहेरी फोन लावला. मामांनी तिला ते दोनदा सांगायला लावलं. मग मामा म्हणाले, "अध्यक्ष? खरोखरचं?" आणि थोड्या वेळाने, "रविवारी हाय ना? येतंव. भावकीला घेऊन येतंव." मामा भावकीला घेऊन निघतात ते लग्नाला, मयताला आणि जमिनीच्या भांडणाला. त्या यादीत माझं नाव लागलं हे ऐकून मी त्या दिवशी दोन वेळा दाढी केली.

काम तसं एवढंसं होतं. एक हॉल घ्यायचा, काकांनी माझ्या हातात पदभार द्यायचा, शाल, नारळ, मग मी वर्षभराचे कार्यक्रम जाहीर करायचे: ई-फायलिंगची कार्यशाळा, रक्तदान, सदस्यांच्या मुलांचा गुणगौरव आणि वसईच्या किल्ल्याची सहल. शेवटी वडा आणि चहा. भाईंदर पूर्वेच्या एका शाळेचा हॉल मिळाला. कृतिका म्हणाली, "सर, ग्रुपवर टाकते. सगळे थम्ब देतील, झालं."

पण आधी काकांना विचारावं म्हणून मी केबिन रोडच्या गल्लीत गेलो. तिथे एका नोटरीच्या ऑफिसबाहेर काकांचं टेबल असतं. टेबलावर शाईचं पॅड, गोंदाची बाटली, टाचण्या आणि पेपरवेट म्हणून एक नदीतला दगड.

"जय भीम, काका," मी म्हणालो. "रविवारचं ग्रुपवर टाकू ना?"

काकांनी चष्मा खाली केला. "ग्रुपवर? आन् पोच?"

"निळी टिक येते की."

"निळी टिक म्हंजे पोच न्हवं, भूपेश," काका फार दुःखाने म्हणाले. "घटनेत काय लिवलंय? पदभाराच्या सभेची बजावणी सगळ्या सदस्यांवर पोच-पावतीसह झाली पायजे. पोच न्हाई, तर सभा न्हाई. मी सवता लिवलंय ते."

इथे जरा आमच्या धंद्याविषयी सांगायला हवं. आमचं सगळं आयुष्य पोच या एका गोष्टीवर चालतं. कागद दिला याला आमच्यात काही किंमत नाही. समोरच्याने तो घेतला असं दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, तरच तो दिला. एखाद्या कारकुनाला स्वप्नात देव भेटला आणि त्याने प्रार्थना केली, तर तो देवासमोर दुसरी प्रत धरील. लग्नाच्या पत्रिका वाटताना आमच्यातला एक जण खाली सही घेत फिरला होता आणि मुलीकडच्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. तेव्हा काकांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटेना.

मी निमंत्रण लिहायला बसलो. छान, गोड, घरगुती लिहायचं ठरवलं होतं. पण हाताला एकच वळण. इतकी वर्षं ज्या भाषेत पोटासाठी लिहिलं तीच भाषा पेनातून उतरली:

"आपणांस या नोटिशीने कळविण्यात येते की, संघटनेचे विद्यमान अध्यक्ष हे आपल्या ताब्यातील अध्यक्षपद श्री. भूपेश गावंड, रा. पूनम सागर, मीरा रोड, यांच्या खुल्या व शांततामय कब्जात देणार आहेत. तरी आपण पुढील आठवड्यातील रविवारी सकाळी जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून चहा व अल्पोपाहार आपल्या पश्चात उरकण्यात येईल, व होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी."

वाचून मला समाधान वाटलं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. ऑफिसमधले लांब खाकी लिफाफे पडून होतेच, त्यांच्यात घातलं आणि पोस्टात नेलं. पोस्टखात्याने हल्ली नावं बदलली आहेत, पोच-पावतीच्या टपालाला आम्ही अजून एडीच म्हणतो. खिडकीवरच्या बाईंनी गठ्ठा बघून विचारलं, "सगळे एकाच संघटनेचे? भांडण झालंय का हो?" मी म्हटलं, सत्कार आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पावत्या न मोजताच खिशात घातल्या.

सदस्य म्हणजे सगळे सदस्य, हे काकांनी बजावलं होतं. म्हणून एक पाकीट काकांना आणि एक मला स्वतःलाही पाठवलं.

आता पुढे जे झालं ते जगात दुसऱ्या कुठल्याही संघटनेत झालं नसतं. डॉक्टरांच्या झालं नसतं, रिक्षावाल्यांच्या झालं नसतं. आमचा प्रत्येक सदस्य आयुष्यभर प्रत्येक अशिलाला एकच सल्ला देत आलेला: लांब खाकी पाकीट आलं की घ्यायचं नाही. कोणाकडून आलं विचारायचं नाही, हात लावायचा नाही, घरी कोणी नाही म्हणून सांगायचं. आणि आपल्या घरच्यांना तर तो सल्ला त्यांनी फुकट दिलेला.

तीन-चार दिवसांत पाकिटं परत यायला लागली. "घेण्यास नकार." "दार बंद." "पत्त्यावर राहत नाही." सदू म्हणून आमचा एक सदस्य आहे, नया नगरात राहतो, त्याच्या बायकोने पोस्टमनला सांगितलं की ते गुजरातला गेले, आणि त्या वेळी सदू तिच्या मागे उभा राहून दात घासत होता. मी त्याला फोन केला, "अरे, निमंत्रण होतं ते!" तर म्हणाला, "भूपेशभाऊ, मला काही मिळालेलं नाही, आणि हा फोनही मला आलेला नाही."

सगळ्यांत शेवटी एक पाकीट माझ्याच घराच्या पत्त्यावरून परत आलं. "घेण्यास नकार." मी हेमांगीकडे बघितलं.

"मी कशाला घेऊ?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय. पोस्टमन म्हणत होता, मॅडम, भेजनेवाला भी गावंड है. मी म्हटलं, मग तर नकोच."

सगळ्या संघटनेत पाकीट फक्त एकाने घेतलं. कोंडिरामकाकांनी. पोच-पावतीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "हरकत राखून स्वीकारली."

मी परत केबिन रोडला गेलो. काका दगडाखालचे कागद नीट करत होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. पण चेहरा तसा टवटवीत होता. "काळजी करू नको. पोस्टानं बजावणी न्हाई झाली तर दुसरा उपाय हाये घटनेत. डकवायची."

डकवणे म्हणजे नोटीस दाराच्या दर्शनी भागावर, साक्षीदारासमक्ष, चिकटवणे. जप्तीच्या वेळी बेलिफ करतो तसं. मी काकांकडूनच गोंदाची बाटली घेतली, कृतिकाला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं आणि दोन दिवस मीरा-भाईंदरभर सदस्यांच्या दारांवर माझं निमंत्रण चिकटवत फिरलो. कृतिका दर दाराला फोटो काढायची आणि दर दाराला म्हणायची, "सर, थम्ब दिले असते हो सगळ्यांनी." शेवटचं दार माझं होतं. स्वतःच्या दारावर स्वतःच्या नावाची नोटीस स्वतः डकवताना मनाला काय वाटतं ते सांगता येणार नाही, कारण गोंद ओघळत होता आणि मी त्याच्याच मागे होतो.

लिफ्टमधून समोरच्या हंसाबेन उतरल्या. नोटिशीवर ठळक अक्षरांत माझं नाव, पत्ता, "ताबा", "कब्जा" आणि "परिणामांस जबाबदार" एवढंच लांबून दिसत होतं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"भूपेशभाई! घर जाय छे?"

"नाही हो, हंसाबेन. संघटनेचं आहे. मी अध्यक्ष होतोय."

"हां, हां," त्या खूप मायेने म्हणाल्या. "आमच्या आत्याच्या दीकराने पण शरूमां असंच सांगितलं होतं. टेन्शन नै लेवानु. बँकवाला आवे तो दरवाजा खोलवानुज नै."

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगला कळलं. सोसायटीच्या चेअरमननी येऊन सांगितलं की फ्लॅट गेला तरी चालेल, पण पार्किंग सोसायटीला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नका. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी स्वतःचे अनुभव सांगितले, ते ऐकून मलाच माझी दया आली. एक ब्रोकर येऊन बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे का ते बघून गेला. हंसाबेननी ढोकळ्याचा डबा आणला आणि हेमांगीच्या पाठीवरून हात फिरवला. मी प्रत्येकाला सांगत होतो की मी अध्यक्ष होतोय. जितकं सांगावं तितकं लोक हळू आवाजात बोलायला लागले. माणसाचा अपमान झाला तर तो भांडू शकतो. पण चार माणसं कीव करायला लागली की ढोकळा खाण्याशिवाय काही करता येत नाही. ढोकळा मात्र चांगला होता.

सकाळपर्यंत सगळ्यांच्या दारांवरच्या नोटिसा गायब. कोणी फाडल्या विचारलं तर एकाच्याही दारावर कधी काही नव्हतंच. मी काकांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, जाऊ दे, ये रविवारी.

"तिसरा उपाय," काका म्हणाले. "दवंडी."

"काका, दवंडी? आत्ता? केबिन रोडला?"

"घटनेत हाये," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझी नजर चुकवली. ते मला दिसलं, पण तेव्हा मी दवंडीच्या विचाराने घाबरलेला होतो.

ढोलवाला मिळेना. शेवटी लवू नावाचा एक माणूस मिळाला, तो टेम्पोवर भोंगा लावून चादरी आणि पडदे विकतो. मी त्याला मजकूर लिहून दिला. लवूने तो वाचला, म्हणाला, "साहेब, एवढं लोक ऐकत नाहीत. मी आपल्या भाषेत सांगतो." आणि तो निघाला. भर संध्याकाळच्या गर्दीत केबिन रोडवर भोंगा गरजला:

"ऐका हो ऐका! भूपेश गावंड, राहणार पूनम सागर, यांच्या नावाची नोटीस निघालेली आहे! ताबा रविवारी! ज्याची कोणाची हरकत असेल त्याने शाळेच्या हॉलमध्ये यावं!"

आणि लगेच, त्याची रोजची टेप: "सब माल आधे दाम में! आधे दाम में! देखो, छुओ, लेके जाओ!"

मी टेम्पोमागे धावलो. टेप बंद होईना, तिचं बटण तुटलेलं होतं. नारळवाल्याच्या दुकानापाशी गर्दी वळून वळून बघत होती, आणि त्या गर्दीत पांढरी टोपी घातलेला एक माणूस हातात नारळ धरून थिजल्यासारखा उभा होता. परशुराममामा. माझ्या सत्काराची शाल आणि नारळ घ्यायला आले होते. मी हाक मारेपर्यंत ते गर्दीत दिसेनासे झाले. रात्री हेमांगीला त्यांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "रविवारी येतंव. तवर तू कुठल्या कागदावर सही करू नको." तिने काय झालं विचारलं तर फोन ठेवला, आणि मग उचललाच नाही.

रविवारी सकाळी मी नवा शर्ट घालून हॉलवर गेलो. पाठोपाठ मोर्व्याचा टेम्पो आला. भावकी उतरली, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर सत्काराला आल्याची कळा नव्हती. मामांचे दोघे पुतणे थेट दारात जाऊन उभे राहिले. मामांनी हेमांगीला पाठीशी घातलं आणि हॉलभर नजर फिरवली.

"कं हाय त्यो बँकवाला?"

"बँकवाला नाही, मामा," मी म्हणालो. "मी अध्यक्ष होतोय."

"मंग दारावर कागद कशाला चिकटवलाव?"

"निमंत्रण होतं ते."

"आन् आरध्या भावान काय इकाला काढलंव?"

"चादरी, मामा."

त्यांना सगळं समजावून सांगायला वेळ लागला. पाकिटं परत कशी आली इथपासून सुरुवात करावी लागली. समजलं तसे पुतणे दारातून आत येऊन खुर्च्यांवर बसले, थोडे निराशच झाले. मामांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे घर जात न्हाय."

"नाही."

"बेस झाला." मग त्यांनी पिशवीतून शाल काढली, मांडीवर घडी नीट केली. "तुमी अध्यक्ष होतांव ना पन? का त्ये बी न्हाय?"

"होतोय की, मामा. आत्ता होतोय."

मामा पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी हंसाबेन येऊन बसल्या. त्या धीर द्यायला आल्या होत्या, आणि नुसता सत्कारच आहे हे कळलं तरी थांबल्या.

हळूहळू सदस्यही आले. सगळेच आले. नोटीस एकालाही मिळाली नव्हती आणि तारीख-वेळ एकालाही चुकली नव्हती. प्रत्येकाच्या हातात कागद. मंचावर काका अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते, शेजारी कृतिका, आणि मी त्यांच्या बाजूला, उभा.

"बजावणीचं बघू," काका म्हणाले. "सदू, नोटीस मिळाली?"

"नाही मिळाली."

"मग आला कसा?"

"ऐकीव माहितीवर," सदू म्हणाला. "आणि मुदतीचा अर्ज आणलाय. म्हणणं द्यायला वेळ मिळावा."

"कशावर म्हणणं, सदू?" मी ओरडलो. "वडा आहे! वड्यावर काय म्हणणं द्यायचंय?"

"ते वाचल्यावर ठरवू," सदू शांतपणे म्हणाला. त्याच्या मागच्याने नोटिशीची सत्यप्रत मागितली. तिसऱ्याने सोबतची कागदपत्रं मागितली. कृतिका म्हणाली, निदान इथे आलात त्याची तरी सही करा, तर सगळे पेन खिशात घालून मागे सरले. न वाचता सही करायची नाही आणि वाचल्यावर तर नाहीच, हे आमच्या लोकांच्या हाडात आहे.

काका उठले. "बजावणी अपुरी. घटनेप्रमाणं सभा आज होऊ शकत न्हाई. पुढची तारीख घेऊ." आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता.

मी खाली बघितलं. मामांनी शाल परत पिशवीत घालायला घेतली होती. रागाने नव्हे, अगदी हळू, माझ्याकडे न बघता, म्हणजे मला लाज वाटू नये म्हणून. आता पुढच्या गणपतीला ते मला वकील कधी होणार हेसुद्धा विचारणार नाहीत, असं मला वाटलं.

"काका," मी म्हणालो, आणि माझा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला, "तुम्हाला खुर्ची सोडायची नाहीये का? नसेल तर तसं सांगा. मी घरी जातो."

काका उभेच होते. चष्मा काढून त्यांनी शर्टाला पुसला.

"सोडायची हाये रे," ते म्हणाले. "गुडघे खरंच दुखत्यात. पण मी जालन्याकडून आलो तवा हितं आपल्या लोकास्नी कोर्टाच्या पायरीवर बसू देत नव्हते. छत्री धरून अर्ज लिवायचो. त्यातून ही संघटना उभी केली. जन्मभर ह्या खिडकीची पोच, त्या खिडकीची पोच गोळा करत फिरलो. आज एवढी मोठी वस्तू तुझ्या हातात देतोय. मी दिली व्हती, ह्याची पोच मला कोण देणार? उद्या नवी पोरं इचारतील, ह्ये म्हातारं कोण?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणून तारखा घेत बसलो. दुसरं काय."

खरं सांगतो, मला रडू आलं. माझी शाल, माझा नारळ, माझे सासरे यांच्या नादात हा साधा विचार मला शिवलाच नव्हता. आणि पोच लिहिण्यात तर माझी हयात गेलेली.

मी कृतिकाकडून कोरा कागद घेतला, टेबलावर वाकलो आणि लिहिलं: "श्री. कोंडिराम सोनवणे यांनी स्वतः उभी केलेली, स्वतः सांभाळलेली मीरा-भाईंदर विधी सहायक संघटना त्यांच्याकडून आज सुस्थितीत मिळाली. मिळाली म्हणून ही पोच लिहून देत आहे." खाली सही केली आणि कागद काकांपुढे धरला.

काकांनी तो दोनदा वाचला. नजर कारकुनाची होती. "तारीख न्हाई टाकली," ते म्हणाले.

मी तारीख टाकली.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सदू मंचावर चढला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीखाली सही केली. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. ज्या लोकांनी आयुष्यात स्वतःच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा विचार केला, ते रांग लावून उभे राहिले. रांगेतल्या एकाने सवयीने "हरकत" एवढं लिहून टाकलं, मागचे सगळे ओरडले, मग त्याने ते खोडून खोडाखोडीवरही सही केली.

"दोन साक्षीदार पायजेत," काका म्हणाले. "सदस्य चालणार न्हाईत. बाहेरचे."

हंसाबेन लगेच उठल्या. मग मामा उठले. भावकीतल्या दोघांनी त्यांना कागदावर सही करू नका म्हणून खुणावलं, पण मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते मंचावर आले, कागद जवळ ओढला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. नुसत्या सहीला एवढा वेळ कसा लागतो हे मला कळेना.

काका खुर्चीपासून बाजूला झाले. मी बसलो. शाल मामांनी आणली होती. ती मी मामांकडून घेतली आणि आधी काकांच्या खांद्यावर घातली, मामांनी मान डोलावली. काका खाली पहिल्या रांगेत जाऊन बसले, मग मी भाषणाला उभा राहिलो.

"हे पद मला मिळावं असं मला कधीच वाटलं नव्हतं..."

"हरकत!" पहिल्या रांगेतून कोंडिरामकाका गरजले.

सगळा हॉल हसला. हेमांगी तर पदर तोंडाला लावून हसली. मी म्हणालो, "बरं. मला फार वाटत होतं." आणि पुढचे कार्यक्रम वाचून दाखवले. वसईच्या सहलीला पहिलं नाव काकांनी दिलं, गुडघे दुखत असताना.

वडे संपल्यावर काकांनी पोच घडी करून वरच्या खिशात ठेवली, मग परत काढली. "मूळ प्रत मला," ते म्हणाले. "फायलीला झेरॉक्स लाव." मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि मशीनवर ठेवायच्या आधी तो कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. सगळ्यांत खाली, साक्षीदारांच्या जागेवर, हंसाबेनची गुजराती सही होती आणि पुढे "पडोशी". त्याखाली मोठ्या, शाळेतल्यासारख्या अक्षरात मामांची सही, आणि सहीपुढे, कोणी विचारलं नसताना, त्यांनी लिहिलं होतं: "परशुराम हरी म्हात्रे, राहणार मोर्वा, अध्यक्षांचे सासरे."

मी दोन झेरॉक्स काढल्या. एक फायलीला आणि एक घरी न्यायला.